हवा काढताना

पहाटे सव्वाचारला किल्ली अर्धी फिरवायची
आणि वीस मोजायचे.
हीटर तापायच्या आत घाई केली
तर ती दिवसभर फुरंगटून बसते.
वरच्या सामंतबाई म्हणतात,
घड्याळ कशाला, तुमची जीप खोकली की मी उठते.

नाशिकच्या लिलावात घेतली तेव्हा
दारावर पिवळ्या अक्षरांत 'वन विभाग' होतं.
दोनदा रंग मारला.
तिरप्या उन्हात 'वन' अजून वर येतं.
विभाग गेला.

गिअरशेजारी एक आखूड दांडा आहे,
चारही चाकांना जोर देणारा, डोंगरासाठी.
चेंबूर ते परळ डोंगर नाही.
मी त्याला डब्याची पिशवी अडकवते.

एवढ्या पैशात नवी आली असती, म्हणतात सगळे.
खरंय. वही आहे माझ्याकडे:
यूजे क्रॉस दोन. रेडिएटरला डाग.
पुढच्या कमानीचा मोठा पाटा.
सेल्फचे कार्बन. परत सेल्फचे कार्बन.
ग्रीन टॅक्स. त्या दिवशी वडाळ्याचा इन्स्पेक्टर
बॉनेट उघडून नुसता बघत राहिला,
माझे वडील हीच चालवायचे, म्हणाला,
आणि सही करायची विसरला.
दुसरा हेलपाटा. तोही वहीत आहे.

वामन तांडेल ट्रॉम्ब्याच्या धक्क्यावर
होड्यांची इंजिनं बांधायचे.
चाळीस वर्षांत कान गेले.
आता पाना दातांत धरतात,
दुसरं टोक ब्लॉकला टेकवतात,
डोळे मिटतात.
'तिसऱ्याचा नॉझल,' म्हणतात,
आणि तिसऱ्याचाच असतो.
गंजाबद्दल त्यांची तक्रार नाही.
'खारा वारा हाय, खानारच.
कुठं खाल्लं त्येवढं बघत ऱ्हावाचं.'

गेल्या बुधवारी फ्रीवेवर, बोगद्याच्या तोंडाशी,
दोन उचक्या देऊन थांबली.
हवा धरली होती.
मागचा टॅक्सीवाला शिवी द्यायला उतरला
आणि टॉर्च धरून उभा राहिला.
दहाचा पाना. फिल्टरवरचा नट दीड आटा सैल.
अंगठ्यानं हातपंप, वर खाली, वर खाली.
आधी फेस,
मग बुडबुडे,
मग एकच, लग्नाला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा,
मग नितळ डिझेल मनगटावरून कोपरापर्यंत.
तेव्हाच नट आवळायचा. आधी नाही.

साडेपाचला मी डायलिसिसच्या खोलीत.
बारा खुर्च्या, बारा यंत्रं,
आठवड्यातून तीनदा तीच माणसं.
नळ्या भरताना टिचक्या मारते
बुडबुडा वर येईपर्यंत.
इथे टॉर्च धरायला कुणी उतरत नाही.
सात नंबरचे पेंडूरकर, अकरावं वर्ष,
वास घेऊन म्हणाले, 'पुन्हा रस्त्यात?'
'हो.'
'पण चालली ना?'
'आले की.'
त्यांनी डावा हात पुढे केला.
त्या हातातल्या शिरेत एक थरथर असते,
बोट ठेवलं की कळते,
कान लागत नाहीत.

रविवारी वामनकाकांना कागद दाखवला:
पासिंग झालं, अजून पाच वर्षं.
ते बोटांवर काहीतरी मोजत बसले,
माझ्या गाडीचं नसावं.
मग पाना फडक्याला पुसून माझ्या हातात दिला.

मी दातांत धरला.
आधी नुसतं लोखंड, खारट,
आणि दुसऱ्याच्या दातांचे खड्डे.
मग जबड्यात चार माणसं चालू लागली,
एक जरा लंगडत.

'तिसरा?' मी ओरडून विचारलं.
त्यांनी मान हलवली,
दोन बोटं दाखवली,
आणि पाना पुन्हा माझ्याच तोंडाकडे ढकलला.